बरं वाटण्याची भीती

पेंढरकर डॉक्टरांना जेवायला बोलावणं म्हणजे घरच्या बाईची परीक्षा असे. आले की ते आधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहत आणि कोशिंबीर कुणी चिरली ते विचारत. "मीच," असं म्हटलं की नजर आपल्या बोटांवर. नखं तपासली जाताहेत हे आपल्याला कळायच्या आत "छान, छान," म्हणत आणि पानावर बसले की कोशिंबिरीला हात लावत नसत. केळं स्वतः सोलून खायचे. पाणी प्यायचं नाही, चहा प्यायचा, तोही डोळ्यांदेखत उकळलेला. "ज्या गोष्टीला उकळी फुटलेली नाही, तिच्याशी माझं वैर आहे," असं ते म्हणत. आम्ही बायका हसायचो आणि ते गेल्यावर गुपचूप आपापली नखं बघायचो.

ह्यांची विम्याच्या कचेरीतली बदली जयपूरला झाली ती साधारण अठ्ठावन्नच्या सुमाराला. मराठी घरं तेव्हा तिथे इतकी थोडी की कुणाकडे बाळंतपणाचे डिंकाचे लाडू झाले तर सगळ्यांकडे पोचत. त्या सगळ्या घरांचे डॉक्टर एकच, पेंढरकर. मेडिकल कॉलेजात शिकवायचे, आणि त्यांचा खास विषय होता आव. साधी नव्हे, रक्ती आव. आतड्यात जो अमीबा जाऊन बसतो, तो त्यांनी आयुष्यभर पाहिला. त्याला ते 'ती' म्हणत. "ती तुमच्याकडे आली, तर लगेच सांगत नाही," ते म्हणत. "आधी घर बघून घेते."

मूळचे ते मिरजेकडचे. उंच, सडपातळ, पायांत रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट, त्यामुळे चालण्याचा आवाज म्हणून नाही. शिवाय ते कुणाच्या घरी दार वाजवत नसत. कडी नसेल तर सरळ आत येत. आपण विळीवर भाजी चिरत असावं, मान वर करावी तर माजघरात पेंढरकर उभे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझ्या हातून विळी कलंडली होती. "अहो डॉक्टर, दार तरी वाजवा!" मी म्हटलं. ते म्हणाले, "दार वाजलं की घरातली आजारी बाई उठते. म्हणून मी वाजवत नाही." घरात आजारी कुणी नव्हतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

आम्ही नवीन होतो तेव्हा ओळख करून घ्यायला त्यांच्या घरी गेलो. बनी पार्कात त्यांचं बैठं घर होतं, मागे लिंबाचं झाड. बैठकीच्या खोलीला लागून आतली खोली, मध्ये जाड निळा पडदा. चहा त्यांनी स्वतः केला. गप्पा चांगल्या झाल्या, हेही खुलले होते. निघायला म्हणून मी उठले आणि डॉक्टर पडद्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "उठू नकोस. मी देतो."

मग आत गेले आणि चांदीचा करंडा घेऊन आले. माझ्यापुढे धरला. मी कुंकू लावून घेतलं, नमस्कार केला आणि बाहेर पडले.

वाटेत मी ह्यांच्यावर चिडले. "बायको आत आजारी, आणि आपण तासभर हसत बसलो. साधी विचारपूस केली नाहीत तुम्ही!" दुसऱ्या दिवशी मऊ मुगाची खिचडी केली, वर तूप सोडलं आणि डबा आमच्या कामवाल्या गुलाबच्या हाती दिला. म्हटलं, डॉक्टरीणबाईंना नेऊन दे. गुलाब जागची हलेना.

"किसको, बाईसा?"

"अगं, डॉक्टरसाब की बीवी को. बीमार है ना."

गुलाबनं डबा खाली ठेवला आणि ओढणी डोक्यावर ओढून घेतली. "बाईसा, वो तो कब की गुजर गईं. आपके आने के बरसों पहले."

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. कालचं कुंकू अजून तसंच होतं. पुसायला हात नेला खरा, पण सवाष्णीनं आपल्या हातानं कुंकू कसं पुसायचं? हात तसाच खाली आणला. ते कुंकू मी संध्याकाळपर्यंत वागवलं आणि त्या दिवशी एकदाही आरशात पाहिलं नाही.

पुढे कळलं की सगळ्याच बायकांना हा अनुभव होता. म्हणून कुणी डॉक्टरांकडे एकटी जात नसे. डॉक्टर ती हाक अगदी सहज मारत, त्यात रडगाणं नव्हतं, वेडेपणाही नव्हता. घरातला माणूस घरातल्या माणसाला सांगतो तसं सांगत आणि आत जात. पडद्याआड एक पलंग होता आणि त्यावर रोज धुतलेली चादर असे, हे त्यांच्याकडे झाडलोट करणारीनं गुलाबला सांगितलं होतं. बाकी माणूस लाखात एक. गरिबाकडून पैसा घेत नसत, थट्टामस्करी करत. एवढ्या एका खोडीविषयी बोलू नये, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझे वडील गणिताचे मास्तर, घरात तसली बोलणी त्यांनी कधी चालू दिली नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना मला ते सारखं आठवतं.

माझी धाकटी बहीण शरू बी.ए.ची परीक्षा देऊन उन्हाळ्यात माझ्याकडे आली. आली ती जयपूर खाऊनच टाकायच्या तयारीनं. आमेर पाहिलं, हवामहाल पाहिला, आणि जौहरी बाजारात रोज पाण्याच्या पताशा खाल्ल्या. आपल्याकडे पाणीपुरी म्हणतात ती. मी नको नको म्हणत होते, पण पाहुण्या बहिणीला रागवायचं तरी किती? आठवडा-दोन आठवड्यांत तिला मुरडा सुरू झाला. मग रक्त. पोट धरून ती पार दुमडून जायची.

डॉक्टर आले ते सायकलच्या कॅरियरला सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी बांधून, वर जुनी रजई गुंडाळलेली. नमुना दवाखान्यात पाठवायचा नाही, असा त्यांचा दंडक. "ती गार झाली की निपचित पडते. मग ओळखू येत नाही. ऊब आहे तोवर पकडायची." दुपारची वेळ होती. बाहेर लूचा तापता वारा सुटलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आम्ही खिडक्या लावून, वाळ्याचे पडदे भिजवून अंधारात बसलेलो. डॉक्टरांनी एका खिडकीची फळी बोटभर उघडली. उन्हाची एक रेघ आत आली, तिच्यात आरसा धरून त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला आणि कितीतरी वेळ डोळा काढला नाही. मग मला म्हणाले, "या. बघा."

मला बघायचं नव्हतं. पण गेले. आधी काहीच दिसेना, नुसता उजेड. मग त्या उजेडात एक पारदर्शक थेंब दिसला. तो थांबलेला होता. मग त्यानं एका बाजूनं हळूच बोट पुढे काढलं, आणि त्या बोटात सगळं अंग ओतून तो तिकडे सरकला. त्याच्या पोटात लालसर ठिपके होते.

"ते ठिपके काय?" मी विचारलं.

"तुमच्या बहिणीचं रक्त."

"आणि ही निघालीय कुठे?"

"कुठेच नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तिला पोचायचं नसतं कुठे. तिला खायचं असतं." आणि त्यांनी फळी लावून घेतली. खोली पुन्हा काळोखी झाली. पलीकडे पलंगावर शरू कण्हत होती, आणि मला वाटलं, हिच्या आत आत्ता या क्षणी ती बोटं पुढे सरकताहेत.

औषध तेव्हा एकच जालीम होतं, एमेटिनची इंजेक्शनं. रोज एक. आव त्यानं हटकून मरे, पण ते औषध हृदयाला लागे. म्हणून इंजेक्शनं चालू असताना रोग्यानं आडवं पडून राहायचं. बसायचं नाही, उशीवरून मान वर करून पाणीसुद्धा प्यायचं नाही, सगळं अंथरुणात. डॉक्टरांनी शरूच्या उशाशी खुर्ची ओढली, तिची नाडी धरली आणि एखाद्या मुलीला कुणी सांगणार नाही असं तिला सांगितलं.

"हे बघ बाळ. उठलीस तर मरशील."

"अहो डॉक्टर!" मी ओरडलेच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दोन-तीन दिवसांत रक्त थांबेल. पोट दुखायचं थांबेल. तुला वाटेल, मी बरी झाले. त्या दिवशी सगळ्यात जास्त घाबरायचं. आवेला औषध मारतं आणि माणसाला बरं वाटणं मारतं. कळलं?"

शरूनं भेदरून मान हलवली. "मान नाही हलवायची," डॉक्टर म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी त्यांना चांगलं सुनावलं. पोरगी आधीच अर्धी झालीय, तिला असं घाबरवतात का? त्यांनी ऐकून घेतलं. मग बॅगेतून तो चांदीचा करंडा काढला आणि दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवला. "कुणी बाई आली तर इथेच कुंकू लावून घेऊन परत जाऊ दे. आत नाही यायचं," म्हणाले. आणि मग, मी विचारलं नव्हतं तरी, बोलायला लागले.

"कमलला हेच झालं होतं. इंजेक्शनं मीच देत होतो. तिला म्हटलं, पडून राहा. का ते सांगितलं नाही. रोगी असती तर सांगितलं असतं हो. बायको होती, घाबरेल म्हणून नाही सांगितलं. रक्त थांबलं, तिला बरं वाटायला लागलं. मी कॉलेजात होतो. कुणी नव्या बदलून आलेल्या मराठी बाई दारात आल्या, घर शोधत. महिनोन्महिने मराठी शब्द कानावर पडलेला नव्हता तिच्या. खूप बोलल्या दोघी. ही पडूनच होती, शहाण्यासारखी. मग त्या बाई निघाल्या." डॉक्टरांनी कोनाड्यातला करंडा बोटानं आत सारला. "सवाष्ण बाई दारातून कुंकवाशिवाय कशी पाठवायची? उठली. फडताळापर्यंत गेली. करंडा हातात होता तिच्या."

डॉक्टरांनी सायकलवर टांग मारली आणि त्या पांढऱ्या उन्हात निघून गेले. मी हे शरूला सांगितलं नाही. ह्यांनाही त्या वेळी सांगितलं नाही. शरू तोवर आत पुन्हा ग्लानीत गेली होती आणि मधलं दार बंद होतं, एवढं मला पक्कं आठवतं.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. रक्त थांबलं, शरूचे डोळे उघडले, ती थट्टा करायला लागली. "ताई, मला आता खरंच काही होत नाहीय गं. नुसतं टेकून बसू का?" मी तिच्याजवळून हलत नव्हते. गुलाब असली की ती, नसली की मी. पण एका दुपारी गुलाब दळण आणायला गेलेली, आणि मला मागच्या अंगणात भांडं धुवायला जावं लागलं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मागे मला ऐकू आलं, बाईचा आवाजही आला. "कुणी आहे का घरात?" मराठीत. माझ्या हातातलं भांडं तिथेच पडलं. मी धावत आले. त्या तापल्या अंगणातून अनवाणी धावले, पाय भाजले तेही नंतर कळलं.

शरू उताणी पडलेली होती, चादर गळ्यापर्यंत. डोळे उघडे, शांत. मी दाराकडे गेले. बाहेर कुणी नव्हतं. रस्ता दूरपर्यंत रिकामा. कोनाड्यातल्या करंड्याचं झाकण मात्र काढून बाजूला ठेवलेलं होतं. आलेलीनं आपल्या हातानं लावून घेतलं असेल, सोय तशीच केलेली होती. मी झाकण लावलं आणि आत आले.

"ताई," शरू म्हणाली, "त्या बाईंना चहा तरी विचारलास का?"

"कुठल्या बाईंना?"

"अगं, इथे बसल्या होत्या ना त्या. मी उठायला निघाले होते. खरंच, विसरूनच गेले बघ, कुणीतरी मराठी बोललं म्हणून. अर्धी उठलेही. तर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला निजवलं. म्हणाल्या, 'पड गं तू, दारात कोण आहे ते मी बघते.' आणि गेल्या. हात किती गार गं त्यांचा, या असल्या उन्हाळ्यात."

मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. मी उठून गेले तेव्हा ती भिंतीला लावलेली होती. आता ती पलंगाला भिडलेली होती. मीच ओढली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगते.

संध्याकाळी डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले तेव्हा मी त्यांना हे हसत हसत सांगितलं. मला वाटलं, तेही हसतील, म्हणतील, अशक्तपणात असे भास होतात, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल. ते हसले नाहीत. शरूच्या जवळ गेले.

"कुठल्या बाजूला बसली होती?"

शरूनं बोटानं दाखवलं.

"हात गार होता?"

"हो. बर्फासारखा नाही हो, पाण्यात काम करून आल्यासारखा."

डॉक्टरांनी सुई पुन्हा डबीत ठेवली. बाहेर आले, व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना घेरी आली. पण ते रागावले होते. एखाद्या लहान मुलाला रागवून रडू फुटावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"इतकी वर्षं मी हाका मारतोय," ते म्हणाले. "माझ्याकडे एकदा नाही आली. एकदासुद्धा. आणि इथे, परक्याच्या घरी…" समोरच्या कडुलिंबावर होले घुमत होते. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, "बरोबर आहे. मी कुठे आजारी आहे?"

मग तोंड पुसून आत गेले आणि शरूला इंजेक्शन दिलं. शरू खडखडीत बरी झाली, सांगलीला गेली, लग्न होऊन तिला दोन मुलं झाली. त्या दुपारविषयी तिला विचारलं तर म्हणते, असेल कुणी तुझी शेजारीण.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले ती घाबरतच. निघायला म्हणून उठले, पडद्याकडे बघत उभी राहिले. डॉक्टरांनी कुणालाही हाक मारली नाही. मुकाट्यानं करंडा आणून दिला. इतर बायका म्हणाल्या, चला, माणूस सुधारला एकदाचा. मला मात्र त्या घरात पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटायला लागली. पूर्वी ते हाक मारून मोकळे होत. आता ते कशाची तरी वाट बघत होते.

साठ साल मागे पडलं, मग पासष्टही. जयपूर झोटवाड्याच्या बाजूनं वाढत चाललं, कारखाने आले, मराठी घरंही वाढली. आणि आवेवर नव्या गोळ्या निघाल्या. ह्यांना एकदा आव झाली तर डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या, आणि हे तोंड वाकडं करत गोळ्या गिळून, तोंडाला कडवट चव येते अशी तक्रार करत रोज कचेरीत जात राहिले. ना इंजेक्शन, ना अंथरूण. मी आनंदानं डॉक्टरांना म्हटलं, "बघा, सुटलो की नाही सगळे!" ते म्हणाले, "हो. आता कुणाच्या उशाशी बसायचं कारण उरलं नाही." मला ते बोलणं तेव्हा नुसतं विचित्र वाटलं.

आमची बदलीची ऑर्डर आली त्याच सुमाराला गुलाब बाजारातून आली ती डोळे मोठे करून. "बाईसा, आज क्या देखा! डागदर साब ठेले पे खड़े पताशी खा रहे थे. एक के बाद एक." मी तिला वेड्यात काढलं. न उकळलेल्या पाण्याशी ज्यांचं जन्माचं वैर, ते पताशी खातील? गुलाब म्हणाली, ती उन्हातही माणसं नीट ओळखते.

काही दिवसांनी कळलं, पेंढरकर डॉक्टर आजारी आहेत. रक्ती आव.

मी भेटायला गेले. दारातच त्यांचे विद्यार्थी डॉक्टर माथुर भेटले, वैतागलेले. "भाभीजी, आप ही समझाइए. टैबलेट सामने रखी है. कहते हैं, नहीं, एमेटिन ही दो. इस उमर में, इस दिल पर! मैं ना कहूँ तो खुद लगा लेंगे." मला समजावता आलं नाही. कारण मला कळलं होतं. या माणसाला बरं व्हायचं नाहीय, त्याला आजारी पडायचं होतं.

निळा पडदा बाजूला सारलेला होता. मी ती खोली पहिल्यांदाच पाहिली. पलंगावर डॉक्टर उताणे, पलंगाच्या एका कडेला सरकून. शेजारी एक खुर्ची. मी तिच्यावर बसायला गेले तर ते म्हणाले, "तिथे नको. तुम्ही इकडे बसा." मी पायथ्याशी वेताच्या मोड्यावर बसले. चेहरा पार गळून गेला होता, पण डोळ्यांत उत्सुकता होती, सणाच्या आदल्या दिवशी असते तसली. मला रडू आलं. मी म्हटलं, "डॉक्टर, असं का करता हो? गोळ्या घ्या. आम्हाला सगळ्यांना तुम्ही हवे आहात."

"आज रक्त थांबलं," ते म्हणाले. "आज मला बरं वाटतंय."

मग म्हणाले, "तुम्ही आता निघा. दुपार झाली. कुणी असलं की ती संकोचते."

मी उठले. माथुर बाहेर औषधाची बाटली उजेडात धरून बघत होते. उंबऱ्याशी आले आणि राहवेना, म्हणून मागे पाहिलं. डॉक्टर उठत होते. कोपरावर भार देऊन, अगदी सावकाश, मुद्दाम. खुर्चीकडे बघत. मला ओरडायचं होतं, माथुरांना हाक मारायची होती, पण मी उंबऱ्यातच उभी राहिले. त्यांचा एक पाय पलंगाखाली उतरला. दुसराही उतरत होता.

आणि ते थांबले. खांदे मागे झुकले, डोकं उशीवर टेकलं, पाय आपोआप वर गेले, आणि ते होते तसे आडवे झाले. त्यांनी स्वतः केलं असेल. घेरी आली असेल. पण मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुटपुटत होते, "गार आहे गं. किती गार आहे."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर आले.